पितळी काडतूस आणि मागून भरावयाची रायफल

अमेरिकन सैनिकी रायफलीच्या इतिहासात नळीच्या मागील तोंडाने भरण्याच्या यंत्ररचनेस अग्रपूजेचा मान देण्याचा प्रघात आहे. जॉन हॉल ह्याने १८११ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले व १८१९ मध्ये अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. पुढे शार्प्स, पीबॉडी, स्प्रिंगफील्ड अशी वंशावळ सांगितली जाते. ही मांडणी चूक नव्हे. परंतु अपुरी खास आहे. हॉलच्या रायफलीत मागील सांध्यातून वायू निसटे. तो दोष खऱ्या अर्थाने दूर केला तो धातूच्या काडतुसाने. बार उडताच त्याचे कवच फुगते आणि सांधा बंद होतो.

नाशिकच्या अभ्यासकास ह्या भेदाचे महत्त्व विशेष जाणवावे. १८५७ मध्ये भागोजी नाईकाच्या भिल्लांनी सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे येथे सामना दिला, त्या काळी सरकारी फौजेच्या बंदुकाही ठासणीच्याच होत्या. दारू कुटणे, शिशाची गोळी ओतणे ही कामे गावात होऊ शकत. १८६६ मध्ये ब्रिटनने जेकब स्नायडर ह्या अमेरिकनाची योजना स्वीकारली आणि जुन्या एनफील्डच्या नळ्या मागून कापून नव्या केल्या. (स्प्रिंगफील्डच्या ॲलिननेही १८६५ मध्ये हेच केले होते, काटकसर ही पुष्कळ शोधांची जननी असते.) नाशिकचे तांबट पितळ उत्तम घडवीत. परंतु हजारो कवचे एकाच मापाची करणे हे हातोडीचे काम नव्हे. त्यास कारखाना हवा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याचा विचार आपण स्वतंत्रपणे करतो. वस्तुतः त्याच्या आधीच काडतुसाने अर्धे काम उरकले होते.

सरकारी शिपायाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे गोऱ्या ६६ व्या पलटणीजवळ पीबॉडीच्या तत्त्वावर आधारलेली मार्टिनी-हेन्री होती. मुंबई सेनेच्या हिंदी पायदळाजवळ मात्र स्नायडरच. त्या पराभवाचे खापर स्नायडरवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण अयूबखानाच्या तोफा तेथे अधिक निर्णायक ठरल्या. परंतु एकाच रणांगणावर, एकाच ध्वजाखाली, दोन रायफलींची दोन काडतुसे होती आणि एकाचे दुसऱ्यात बसत नव्हते. १८५७ नंतर हिंदी शिपायास एक पिढी मागे ठेवण्याचे जे धोरण होते, त्याचा पुरावा लष्करी दप्तराइतकाच ह्या दोन मापांत, ०·५७७ आणि ०·४५ इंचांत, सापडतो.