शुद्धलेखनाचे अठरा नियम व शाळेतील श्रुतलेखन

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले व शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम अठरा आहेत. पैकी चौदा १९६२ साली आले व चार १९७२ साली. उच्चारात न उरलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले, 'नांव'चे 'नाव' केले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. आमची तक्रार नियमांविषयी थोडी, आणि पाचवी-सहावीच्या मुलांस ते ज्या रीतीने शिकविले जातात तिजविषयी अधिक आहे.

रीत सर्वांच्या परिचयाची आहे. गुरुजी शब्द उच्चारतात, मुले लिहितात, आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणावा लागतो. ऐकले तसे लिहिले की शुद्ध झाले, हे यामागील गृहीत. 'फूल' या शब्दापुरते ते खरे आहे. 'फूल' म्हणताना स्वर लांबतो, 'फुलाला' म्हणताना आखडतो, आणि लेखन उच्चाराच्या मागून मुकाट्याने चालते. गरीब-गरिबाला, वीट-विटेने, सून-सुनेला असे शब्द चालवून पाहण्याची सवय लावली, तर नियम पाठ न करताही तो मुलाच्या हाती येतो.

परंतु संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द निघाले की कान दगा देतो. आपण सारे 'गूण' म्हणतो व 'गुण' लिहितो. 'वीस' आणि 'विष' यांतील पहिला स्वर निरनिराळा उच्चारून दाखविणारे गुरुजी किती सापडतील? 'गरिबाला' शुद्ध, 'शरिराला' मात्र अशुद्ध. तेथे 'शरीराला'च हवे! हा भेद ऐकून कळणारा नव्हे. असा शब्द डोळ्यांच्याच ओळखीचा व्हावा लागतो, आणि त्याच्या गोतावळ्यात बसवून दाखवावा लागतो: गुण, गुणी, अवगुण, विष, विषारी, विषबाधा. म्हणजे मुलाच्या वहीत शब्दांचे दोन ढीग हवेत, एक कानाचा व एक डोळ्यांचा. श्रुतलेखनात दोन्ही एकाच तोंडाने सांगितले जातात, आणि गुरुजींनी 'गूण' म्हटल्यावर तसेच लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापला जातो.

हानी एवढ्या गुणाचीच असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. सहावीतील एका मुलीचा निबंध आमच्या पाहण्यात आला. तीत सूर्य 'क्षितिजावर' टेकला होता. ते खोडून तिने 'लांब' टेकविला होता. विचारले तेव्हा कळले की, वेलांट्या पहिल्या की दुसऱ्या याची तिला खात्री नव्हती. त्या ओळीखाली शिक्षकांनी 'शुद्ध' असा शेरा दिला होता.