अंबपालीच्या गाथांतील जरा

थेरीगाथेतील अंबपालीच्या 19 पाली गाथा देहनिंदेचे काव्य म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस एकांगी वाटतो. वैशालीची ही एके काळची गणिका केशांपासून पावलांपर्यंत आपल्या रूपाचा मागोवा घेते. भ्रमरवर्णी केस आता तागाच्या सालीसारखे झाले आहेत. सुवर्णनूपुरांनी शोभणाऱ्या पोटऱ्या तिळाच्या काटक्या झाल्या आहेत. रूपाची उपमाने सांकेतिक, जरेची मात्र शेताबांधावरची. आणि जिवंतपणा या दुसऱ्यांतच अधिक. प्रत्येक गाथेअंती बुद्धवचनाची साक्ष येत असल्याने विलापाला वाव उरत नाही. मृत्यूचे नाव कोठेही नाही. अखेरच्या गाथेत देह म्हणजे गिलावा गळालेले जुने घर होते. मृत्यूचे भय असलेच तर ते या एका उपमेत आहे, आणि तेथेही ध्रुवपद ढळत नाही.