इंगल्स कुटुंबाच्या कहाणीतली गाळलेली पानं

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लॉरा इंगल्स वाइल्डरची 'लिटल हाऊस'ची पुस्तकं वाचली असतील, कुणी मालिका पाहिली असेल. १९३२ ते १९४३ या काळात आलेली ही आठ पुस्तकं. त्यातलं एक तिच्या नवऱ्याच्या बालपणावर आहे, ते आज बाजूला ठेवू. बाकीच्यांत एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकेतलं एक शेतकरी कुटुंब आहे. वडील चार्ल्स, आई कॅरोलाइन आणि मुली. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, डकोटा असं कापडी छताच्या गाडीतून फिरणारं.

मला त्यांच्याकडे आज कुळवृत्तांत म्हणून बघायचंय. आणि कुळवृत्तांत हातात आला की काय गाळलंय ते आधी शोधायचं, ही माझी जुनी खोड.

इथे ते सोपं आहे, कारण गाळलेलं बरंचसं लॉराने स्वतःच आधी लिहून ठेवलं होतं. १९३०मध्ये तिने 'पायोनियर गर्ल' हे आत्मकथन मोठ्या वाचकांसाठी लिहिलं. प्रकाशक मिळाला नाही. टिपांसह ते छापलं गेलं थेट २०१४मध्ये. म्हणजे "विसरली असेल हो" असं म्हणायची सोय नाही.

आता बघा. मिनेसोटात टोळधाडीने दोन हंगाम बुडाले. १८७५मध्ये मदतीचं पीठ मिळावं म्हणून चार्ल्सला आपण निष्कांचन आहोत अशा कागदावर सही करावी लागली. पुस्तकात टोळ आहेत, अंगावर काटा येईल असे आहेत. ती सही नाही. १८७५च्या नोव्हेंबरात मुलगा झाला, फ्रेडी. नऊ महिन्यांचा होऊन गेला. पुस्तकांत या घरात मुलगा जन्मलाच नाही. मग आयोवातलं बर ओक गाव. तिथे हे कुटुंब एका हॉटेलात राबलं, आणि भाड्याची बाकी चुकवता येईना तेव्हा रात्रीच्या अंधारात गाव सोडून निघालं. ते सगळं वर्षच पुस्तकांत नाही. मिनेसोटातून आपण सरळ डकोटाच्या वाटेला लागतो.

याचं एक तयार उत्तर टीकाकार देतात. लॉराची मुलगी रोझ वाइल्डर लेन ही नावाजलेली लेखिका, सरकारी मदतीची कट्टर विरोधक, हस्तलिखितांवर तिचा हात फिरलेला; तेव्हा हे स्वावलंबनाचं राजकारण तिचं. मला हे अर्धंच पटतं. बर ओक आपण काढत असलेल्या कुटुंबाच्या चित्रात बसत नाही, असं आईनेच मुलीला पत्रातून कळवलं होतं. निर्णय लॉराचाही होता.

मुलांच्या पुस्तकात तान्ह्याचा मृत्यू नको, हे समजू शकतं. पण मग 'द लाँग विंटर'चं काय करायचं? १८८०-८१चा तो हिवाळा. आगगाड्या बंद, गवताचे पीळ करून शेकोटी पेटवायची, कॉफीच्या चक्कीत गहू दळून त्याची भाकरी. माझ्या मते मालिकेतलं हे सर्वोत्तम पुस्तक, आणि उपासमारीचं इतकं नेमकं वर्णन बालसाहित्यात मी फार कमी वाचलंय. प्रत्यक्षात त्या घरात एक तरुण जोडपंही होतं, तान्ह्या बाळासकट. सगळा हिवाळा. तो नवरा कामाला हात लावत नसे, याचा लॉराला राग होता, तो 'पायोनियर गर्ल'मध्ये दिसतो. कादंबरीत त्या तिघांचा मागमूस नाही. यात मृत्यू नाही, लाजिरवाणं कर्जही नाही. उलट उपाशी घराने आणखी तिघांना पोसलं, ही सांगण्यासारखी गोष्ट. तीही गाळली!

म्हणून मला वाटतं, इथे नुसती लाज झाकलेली नाही. घेतलेला आधारही काढला आणि दिलेला आधारही काढला, मगच ते घर माळावर एकटं उभं राहिलं. शेजारी, पाहुणे, दुकानदार पुस्तकांत येतात. पण घराच्या हिशेबात कुणी शिरत नाही.

कॅन्ससमध्ये तर हा हिशेब उलटाच लागतो. १८६९ ते ७१ हे कुटुंब ओसेज लोकांच्या जमिनीवर राहिलं. ती जमीन वसाहतीला खुली झालेली नव्हती. पुस्तकात वडील वॉशिंग्टनच्या सरकारवर चिडून घर सोडतात. विस्कॉन्सिनचं शेत ज्याला विकलं होतं त्याला पैसे देणं झेपलं नाही आणि ते शेत परत यांच्याकडे आलं, हे कारण पुस्तकात नाही. लॉरा तेव्हा अवघी दोन-चार वर्षांची. म्हणजे हा राग तिच्या आठवणीतला कमी, घरात ऐकलेला किंवा पुढे रचलेला जास्त.

आणि मेरी. १८७९मध्ये तिची दृष्टी गेली. पुस्तकात लॉरा शर्ट शिवते, शाळेत शिकवते, का? तर मेरीला अंधांच्या कॉलेजात जाता यावं. ती खरंच राबली, त्यात खोटं काही नाही. पण आयोवातल्या व्हिंटनच्या त्या कॉलेजची फी डकोटा टेरिटरी भरत होती. घरच्यांना बघायचे होते ते कपडे आणि प्रवास.