प्रक्षेप्याची गती : सूत्रात हरवलेला काळ

कनिष्ठ महाविद्यालयाच्या आणि पदवीच्या प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्रात प्रक्षेप्याच्या गतीला महत्त्वाचे स्थान आहे. विद्यार्थ्याचा द्विमितीय गतीशी येथे पहिला परिचय होतो. एकाच वस्तूच्या दोन गती परस्परांना न अडविता एकत्र नांदतात, ही यंत्रशास्त्रातील मूलभूत कल्पना या प्रकरणात त्याच्यासमोर येते. तथापि या प्रकरणावरील उदाहरणे ज्या रीतीने सोडवून दाखविली जातात, ती पाहता ही कल्पना विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते असे म्हणणे कठीण आहे. उड्डाणकाल, महत्तम उंची व पल्ला यांची तीन सूत्रे फळ्यावर सिद्ध होतात, चौकटीत बसविली जातात आणि पुढे उरते ते केवळ दिलेले आकडे योग्य चौकटीत टाकण्याचे काम.

पल्ल्याचे सूत्र घ्यावे. आरंभीच्या वेगाचा वर्ग गुणिले कोनाच्या दुपटीची साइन, भागिले गुरुत्वत्वरण. सूत्र सुटसुटीत आहे आणि आपल्या मर्यादेत अचूकही आहे. त्यात काय नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. त्यात काळ नाही. क्षितिजसमांतर दिशेत वेग कायम राहतो, ऊर्ध्व दिशेत त्वरण कायम राहते. या दोन स्वतंत्र हिशेबांना जोडणारी राशी एकच, ती म्हणजे काळ. वस्तू हवेत किती वेळ राहणार हे ऊर्ध्व गती ठरविते आणि तेवढ्या वेळात ती किती दूर जाणार हे क्षितिजसमांतर गती. सूत्राच्या सिद्धतेत काळाचे निरसन होते. त्याबरोबर दोन गतींच्या स्वातंत्र्याचा विचारही दृष्टीआड होतो.

या विषयाचा आद्य ग्रंथ याबाबतीत आजच्या पाठ्यपुस्तकांहून अधिक स्पष्ट आहे. गॅलिलिओचा दोन नव्या विज्ञानांवरील संवादग्रंथ १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या 'चौथ्या दिवसा'तील पहिल्याच प्रमेयात आडव्या रेषेवर समान अंतरे घेतलेली आहेत. ही अंतरे म्हणजेच समान कालखंड. त्या प्रत्येक बिंदूखाली १, ४, ९ या प्रमाणात पतन दाखविले की अन्वस्त आपोआप उमटतो. अर्थात या आकृतीत काळ डोळ्यांना दिसतो. ४५ अंशांच्या कोनात पल्ला सर्वाधिक असतो, ही गोष्ट तोफखान्यातील लोकांना ठाऊक होती. टार्टाग्लियाने ती १५३७ सालीच नोंदविली होती. गॅलिलिओच्या संवादातील साग्रेदो हे मान्य करतो, परंतु ते असे का होते हे कळण्याचे मोल नुसत्या माहितीहून कितीतरी अधिक असल्याचेही सांगतो. आजचा विद्यार्थी सूत्राच्या बळावर पुन्हा त्या तोफखान्याच्या पातळीवर उभा राहतो, ही या अध्यापनपद्धतीची विसंगती होय.

सूत्रनिष्ठेचा परिणाम पाहण्यासाठी गोळाफेकीचे उदाहरण पुरेसे आहे. गोळा जमिनीपासून २ मीटर उंचीवरून, ४५ अंशांच्या कोनात, १३ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो असे मानू. पल्ल्याच्या सूत्रात आकडे घातल्यास उत्तर येते सुमारे १७.२ मीटर. वस्तुतः गोळा सुटतो त्याच पातळीवर तो पडत नाही, त्यामुळे हे सूत्र येथे लागूच होत नाही. ऊर्ध्व गतीवरून आधी काळ काढला, तर तो सुमारे २.०७ सेकंद येतो आणि पल्ला सुमारे १९.०५ मीटर. १.८ मीटरहून अधिक फरक! गोळाफेकीत एवढ्या अंतराने पदके फिरतात. शिवाय या परिस्थितीत सर्वाधिक पल्ला ४५ अंशांना नसून सुमारे ४२ अंशांना मिळतो, हेही सूत्र सांगू शकत नाही. काळ काढून उदाहरण सोडविणाऱ्यास मात्र पातळी बदलल्याने कोणतीच अडचण येत नाही.

याहून गंभीर बाब बलाच्या आकलनाची आहे. वर फेकलेल्या नाण्यावर कोणती बले कार्य करतात, या साध्या प्रश्नाला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरे जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये मांडली. नाणे वर जात असताना त्यावर वरच्या दिशेने हाताचे बल टिकून आहे, असे मानणारे विद्यार्थी त्यांत बहुसंख्य होते. चौदाव्या शतकात बुरिदानने मांडलेल्या 'इम्पेटस'च्या कल्पनेशी ही समजूत जुळते. हाच विद्यार्थी उच्चतम बिंदूवर वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य, असे सांगतो आणि त्याच उत्तरपत्रिकेत महत्तम उंची अचूक काढून पूर्ण गुण मिळवितो. सूत्राचा उपयोग करण्यासाठी बलाचा विचार करावाच लागत नसल्याने परीक्षकाला ही गफलत दिसतही नाही.

हवेच्या रोधाविषयी पाठ्यपुस्तके 'दुर्लक्षणीय मानू' एवढेच म्हणतात. गॅलिलिओने येथेही अधिक प्रामाणिकपणा दाखविला होता. माध्यमाचा रोध, तसेच सर्व उभ्या रेषा पृथ्वीच्या केंद्राकडे वळतात ही अडचण, असे आक्षेप त्याने ग्रंथातच उपस्थित करून मान्य केले आणि बंदुकीच्या गोळीसारख्या प्रचंड वेगांना आपल्या निष्कर्षातून वेगळे ठेवले. क्रिकेटचा चेंडू ४० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाताना त्यावरील हवेचा रोध जवळजवळ त्याच्या वजनाइतका असतो. सूत्राने ४५ अंशांना पल्ला येतो १६३ मीटर. मैदानावर १०० मीटरांचा षटकारही मोठा मानला जातो. ज्या देशात प्रत्येक विद्यार्थी क्रिकेट पाहतो, तेथे ही तफावत वर्गात चर्चिली जाऊ नये, हे नवलच.

सूत्रांच्या बाजूनेही काही म्हणता येईल. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. तेथे मिनिटभरात मूलतत्त्वांपासून आरंभ करा असे विद्यार्थ्यास सांगणे अव्यवहार्य आहे. परंतु ही सोय प्रवेशपरीक्षेची आहे. तिचे अनुकरण वर्गातील अध्यापनाने व महाविद्यालयीन लेखी परीक्षेने करण्याचे कारण नाही. फळ्याच्या मध्यभागी उभी रेघ ओढून एका बाजूस क्षितिजसमांतर, दुसऱ्या बाजूस ऊर्ध्व गती आणि रेघेवर काळ, अशी मांडणी करण्यास फार तर दोन मिनिटे अधिक लागतात.

पाठ्यपुस्तकांत या दृष्टीने एक उत्तम उदाहरण आहेच. झाडावरील वानरावर नेम धरून बाण सुटतो आणि त्याच क्षणी वानर फांदी सोडते. बाण आणि वानर समान काळात नेमाच्या रेषेखाली व फांदीखाली सारखेच अंतर पडतात, म्हणून बाण लागतो. येथे पल्ल्याचे सूत्र निरुपयोगी ठरते. मात्र वेग कितीही असो, बाण लागणारच, असे सांगून हे उदाहरण अनेकदा संपविले जाते. बाण जमिनीलगत २० मीटर अंतरावरून सोडला असेल आणि वानर ५ मीटर उंचीवर असेल, तर वानर सुमारे १ सेकंदात जमिनीवर येते. तेव्हा बाणाच्या वेगाचा क्षितिजसमांतर घटक सुमारे २० मीटर प्रतिसेकंदाहून कमी असल्यास बाण झाडापाशी पोहोचण्यापूर्वीच जमिनीला टेकेल.