गिरणगावातील मनोरे आणि रस्ता : एक समीक्षा

उंच इमारतींविषयीची आपली चर्चा बहुधा मजल्यांच्या संख्येपाशीच थांबते. वस्तुतः इमारत रस्त्याला कशी भेटते, हा तिच्या समीक्षेचा मुख्य निकष असावयास हवा. मुंबईचे गिरणगाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनीतील सुमारे दोन तृतीयांश वाटा महापालिका व म्हाडा यांना देण्याची तरतूद १९९१ च्या नियमावलीत होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य मानली. मनोरे उभे राहिले ते जुन्याच रस्त्यांच्या कडेला.

चाळीच्या तळमजल्यावर दुकान, खाणावळ, व्यायामशाळा असे. रस्त्यावर सतत कोणाची तरी नजर असे. टॉवरचे खालचे मजले वाहनतळाला दिलेले, बाग त्यावरील पोडियमवर. पादचाऱ्याच्या वाट्याला येते ती कुंपणभिंत आणि पहारेकरी.

तथापि चाळीचे गोडवे गाणाऱ्या स्मरणरंजनाशीही प्रस्तुत लेखक सहमत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक शौचालये होती. २०२५ मध्ये तेथील रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली. त्यांना नाके मुरडणे ऐसपैस घरात राहणाऱ्यांनाच परवडेल! शिवाय या चाळींना ती बहुचर्चित गॅलरीही नव्हती. मधून बोळ आणि दुतर्फा खोल्या. शेजार घडला तो दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत. चाळीस मजली आराखड्यात त्या जागेला पर्याय कोणता, याची चर्चा मात्र घराच्या क्षेत्रफळाइतकी झालेली नाही.