गायतोंडे यांच्या चित्रापुढे अर्धी घटका

दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ साली उघडले. तेथे दिवस घालविण्यास येणारा हौशी प्रेक्षक अमृता शेरगिल यांच्या चित्रांपुढे सुखाने रेंगाळतो. माणसे आहेत, त्यांचे उदास डोळे आहेत. बोलणे सोपे जाते. मग वासुदेव गायतोंडे यांचे चित्र समोर आले, की त्याच प्रेक्षकाची चाल एकाएकी वाढते. ‘हे कशाचे चित्र?’ एवढे विचारून तो पुढील दालनाकडे वळतो.

सातेरीच्या रोयणीपुढे हात जोडणाऱ्या आम्हां गोमंतकीयांच्या तोंडी तरी हा प्रश्न शोभत नाही. वारुळाला नाक-डोळे कोठे आहेत, किंवा मंगेशाच्या लिंगाला चेहरा का नाही, असे आपण कधी विचारले आहे?

तथापि येथे सावधगिरी हवी. काही रसिक या चित्रांना ध्यान, समाधी, दर्शन अशी नावे देऊन मोकळे होतात. हा युक्तिवाद आम्हांस ग्राह्य वाटत नाही. वारुळाच्या पाठीशी पिढ्यांची श्रद्धा, समईचा उजेड आणि कौलप्रसादाची साक्ष उभी असते. कॅनव्हासच्या बाजूने साक्ष देण्यास रंगावाचून दुसरे कोणी नाही.

आणि ती साक्ष भक्कम आहे, असा आमचा अभिप्राय आहे. रोलरने व पॅलेट-सुरीने रंगाचे थर चढवावयाचे, काही खरवडून वा उचलून काढावयाचे, ही गायतोंडे यांची रीत. त्यामुळे खालचा रंग वरच्या रंगातून उजळतो आणि मध्येच एखादा गडद आकार पाण्याखालच्या दगडासारखा वर येऊ पाहतो. दोन मिनिटांत मात्र यातले काहीच दिसत नाही. डोळे स्थिरावू द्यावे लागतात. गोमंतकीय आईबापांच्या पोटी १९२४ साली नागपुरास जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने प्रारंभी, पॉल क्लेच्या प्रभावाखाली, आकृत्याही रंगविल्या होत्या. आकृती साधत नव्हती म्हणून सोडली, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. ‘अमूर्त’ हे विशेषणदेखील त्यांना रुचत नसे. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत.

सर्वच चित्रे सारखी उतरली आहेत, असे नव्हे. काहींत चित्रलिपीसारख्या खुणा पृष्ठभागावर नुसत्या तरंगतात, थरांशी त्यांचे नाते जमत नाही. तशा चित्रापुढून लवकर निघालेल्या प्रेक्षकास आम्ही दोष देणार नाही.