मुलाखत घेताना शेजारी कोण बसलंय?

माझ्या पहिल्या सर्व्हेत मी किहीमला मच्छीमारांना जाळ्याचा आस विचारत होते. सगळ्यांनी नियमातलाच आकडा सांगितला. शेजारी एक अधिकारी खुर्ची टाकून बसले होते, हे मी नोंदवलंच नाही. ती चूक मला उमगली एका कादंबरीमुळे, म्हणून तुम्हालाही ती सुचवते: पेर ओलोव एन्क्विस्ट या स्वीडिश लेखकाची, १९६८ची. इंग्रजीत 'द लीजनेअर्स'.

विषय असा. मे १९४५मध्ये जर्मनी हरला, तेव्हा जर्मन गणवेशातले काही लाटव्हियन, एस्टोनियन, लिथुआनियन सैनिक समुद्रमार्गे तटस्थ स्वीडनमध्ये पोचले. काही स्वखुशीने भरती झालेले, काही जबरदस्तीने. स्वीडनने त्यांना छावण्यांत ठेवलं. सोव्हिएत संघाने त्यांना मागितलं आणि सरकार कबूल झालं. उपोषणं झाली, काहींनी स्वतःला जखमा करून घेतल्या. तरी २५ जानेवारी १९४६ला ट्रेलेबोर्ग बंदरातून १४६ जणांना पाठवलंच.

एन्क्विस्ट कागदपत्रं चाळतो, माणसांना भेटतो आणि स्वतःलाही 'तपास करणारा' म्हणून पुस्तकात आणतो. त्याचे राजकीय कल, त्याचे गोंधळ, सगळं समोर. आपण थीसिसमध्ये जे झाकतो, ते तो उघडं ठेवतो. पुस्तकाचं बळ यात आहे.

मग तो सोव्हिएत लाटव्हियात जाऊन परत पाठवलेल्यांना भेटतो. ते सगळे मारले गेले, असा समज होता. काहींना शिक्षा झाल्या, पण बरेच जण जिवंत आहेत, हे तो दाखवतो. ही दुरुस्ती मोलाचीच. पण ज्या राज्याने शिक्षा दिली, त्याच राज्यात राहून त्याविरुद्ध कोण बोलेल? स्वतःवर इतका संशय घेणारा लेखक या उत्तरांवर तितका घेत नाही, असं मला वाटतं.

१९९४मध्ये स्वीडनने हयात असलेल्यांना बोलावून खेद व्यक्त केला. आता ऐकणारा बदलला होता. पण या नव्या श्रोत्यालाही काहीतरी ठरावीक ऐकायचं होतंच, नाही का?

याच किहीममध्ये १९३०च्या सुमारास सालीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आपल्याला काय ऐकायचंय, याचा अंदाज पक्षी बांधत नाही, माणूस बांधतो. तेव्हा मुलाखतीच्या नोंदीत तीन रकाने वाढवा: जागा कोणती, सोबत कोण, आणि खरं बोलल्यास या माणसाचं काय नुकसान होईल. माझा सर्व्हे मी पुन्हा केला, अधिकाऱ्यांशिवाय. आस बराच बारीक निघाला.